क्रौंचाचे पाय

पक्ष्यांवर लिहायचा मला काहीच अधिकार नाही, म्हणून आधीच माफी मागतो. मला थोडेच पक्षी ओळखता येतात, तेही समोर नीट बसले तर. आणि लिहिण्याचं म्हणाल, तर आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला. गेलो तो इंजिनिअरिंगला, त्यामुळे उत्तरपत्रिकेबाहेर चार ओळी लिहायची सवय कधी लागलीच नाही. पण मागच्या हिवाळ्यातला जवळजवळ प्रत्येक रविवार मी जर्मनीतल्या मक्याच्या शेतांत क्रौंचांचे पाय बघण्यात घालवला. त्याचं पुढे काय झालं ते कुठेतरी लिहून ठेवावं असं वाटतं, एवढंच.

मी आखन शहरात शिकतो. शेवटच्या प्रबंधासाठी वोल्फ्सबुर्गच्या एका छोट्या कंपनीत जागा मिळाली, म्हणून तिकडे राहायला गेलो. तिथल्या एका मराठी कुटुंबाकडे महिन्यातून एकदा बुद्धवंदना असायची. तिथेच काका-काकूंची ओळख झाली. काका मूळचे नागपूरचे, इथल्या कारखान्यात आयुष्य काढून निवृत्त झालेले. दोन वर्षांपूर्वी पक्षाघाताने त्यांची उजवी बाजू गेली. तेव्हापासून त्यांची गाडी गॅरेजमध्ये होती आणि कॅमेरा कपाटात. मार्चमध्ये घर रिकामं करून दोघं नागपूरला मुलीकडे कायमचे जाणार होते.

त्याआधी काकांना एक गोष्ट कळायला हवी होती. त्यांचा क्रौंच जिवंत आहे का.

क्रौंच म्हणजे राखाडी रंगाचा, माणसाच्या छातीपर्यंत येणारा पक्षी. शरद ऋतूत त्यांचे थवे उत्तरेकडून येतात. बरेचसे पुढे स्पेनला जातात, काही वोल्फ्सबुर्गजवळच्या ड्र्योमलिंगच्या दलदलीत थंडी काढतात. त्यातल्या काहींच्या पायांत अभ्यासकांनी लहानपणीच रंगीत कडी घातलेली असतात. डाव्या पायातली देशाची. उजव्या पायातली फक्त त्या एका पक्ष्याची. काकांच्या क्रौंचाची उजव्या पायातली कडी वरून खाली पिवळी, हिरवी, लाल. बायको अजून नागपुरात होती आणि काका इथे एकटे होते, त्या वर्षी त्यांनी लांबून रंग ओळखून वाचलेली ही पहिली कडी. पुढे तो दर हिवाळ्यात त्यांना दिसत राहिला. आजारपणानंतर मात्र ते शेताकडे गेलेच नाहीत.

मी हो म्हणालो, कारण नाही म्हणता आलं नाही. आठवडाभर प्रबंध, शनिवारी गोदामात खोकी उचलायची, आणि रविवार काकांचा. माझं भारतातलं लायसन्स इथे सहा महिन्यांनी बाद झालं होतं. दिवसभर प्रबंधासाठी मोटारींच्या ब्रेकचा अभ्यास करणारा मी काकांची गाडी चालवू शकत नव्हतो. म्हणून पहाटेची रेल्वे, पुढे सायकल, पाठीवर त्यांची लांब लेन्स आणि ट्रायपॉड. घरी फोनवर आई विचारायची, पाखरं बघायला तिकडं कशाला जावं लागतं.

पहिल्या रविवारी मी फार खूश होऊन परतलो. धुक्यातून उतरणारा थवा, लाल टाळूवर पडलेलं ऊन, पंख पसरून नाचणारी एक जोडी. काकांनी डाव्या हाताने सगळे फोटो पुढे सरकवले.

“लग्नाचा अल्बम केलास रे,” ते म्हणाले. “सगळ्यांचे चेहरे छान आलेत. पाय कुठायत?”

“काका, पाय मक्याच्या खुंटांत होते.”

“गेनाऊ, अगदी बरोबर. म्हणून तर तुला पाठवलं. चेहरे मला माहीत आहेत.”

काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, “अहो, त्याला आधी चहा तरी घेऊ द्या.”

तेव्हापासून मी फक्त पाय बघू लागलो. मका कापल्यावर शेतात गुडघाभर खुंट राहतात आणि क्रौंच नेमके त्यांतच दाणे टिपत फिरतात. गाडीला ते घाबरत नाहीत. माणूस दिसला की मात्र माना वर करतात आणि दूर सरकतात. मी गवताच्या प्लॅस्टिकबंद गुंडाळ्यांच्या आड उभा राहायचो. बोटं बधिर व्हायची. एखादा पक्षी खुंटांतून बाहेर पडून शेतातली गाडीवाट ओलांडेल, तेवढेच दोन-तीन क्षण पाय दिसायचे. बहुतेक पाय नुसतेच काळे, कडी नसलेले. कधीकधी मी उभ्याउभ्या पेंगायचो, आणि डोळे उघडेपर्यंत वाट रिकामी झालेली असायची. सगळे क्रौंच एकदम ओरडले की वाटायचं, आता हे जातील आणि मलाही घरी जाता येईल. असं वाटल्याची लाज वाटायची, पण वाटायचं खरं.

फेब्रुवारीत, पाऊस पडून गेलेल्या एका सकाळी, एक एकटा क्रौंच वाट ओलांडायला आला. पायात कडी होती. मी बटण दाबूनच धरलं. कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो मोठा करून बघितला. वर पिवळं, खाली लाल, आणि मधलं कडं चिखलाने माखलेलं. कडेला रंगाची एक बारीक रेघ. हिरवी असेल. निळीही असेल.

काकांच्या घरी खोकी बांधून झाली होती. कॅमेऱ्याची बॅग ठेवायला मी स्वयंपाकघरात गेलो, तर काकू मागोमाग आल्या. मी त्यांना फोटो दाखवला. त्यांनी तो नीट बघितलाही नाही.

“तोच आहे म्हण,” त्या हळूच म्हणाल्या.

“काकू, मधला रंग दिसत नाहीये.”

“त्यांना कुठे एवढं दिसतंय आता? रात्र-रात्र झोपत नाहीत. तोच आहे म्हण, म्हणजे आम्ही जायला मोकळे.”

मी खूप थकलो होतो. तोच आहे म्हटलं असतं तर माझेही रविवार संपले असते. बाहेरच्या खोलीत गेलो तेव्हा शब्द तोंडात तयार होते. काकांनी पडदा डोळ्यांजवळ धरला.

“आल्झो,” ते म्हणाले, “तर मग, तुला काय वाटतं?”

दारात काकू उभ्या होत्या.

“मला रंग कळत नाही, काका.”

“मलाही नाही.” त्यांनी कॅमेरा मांडीवर ठेवला. “मग तो आहे असं आज म्हणायचं नाही.”

काकू आत निघून गेल्या. त्या दिवशी त्या माझ्याशी फारसं बोलल्या नाहीत, आणि मला त्यांचा राग आला नाही.

काकांनी फोटो कडी घालणाऱ्या मंडळींकडे पाठवायला सांगितला. त्यांच्याकडे जुने फोटो असतात, उरलेल्या रेघेवरून ते कधीकधी ओळखतात. पण ती सगळी आपला वेळ देऊन काम करणारी माणसं, उत्तराला आठवडे लागतात. तुमच्या क्रौंचाबद्दल थेट विचारू का, असं मी म्हणालो, तर काकांनी नकारार्थी मान हलवली. बघितल्याशिवाय विचारायचं कसलं, म्हणाले. मी ईमेल लिहिला. जर्मन तीनदा तपासलं. पाठवायच्या आधी, काकांना न सांगता, शेवटी एक ओळ घातली: पिवळं-हिरवं-लाल असलेल्या पक्ष्याची काही माहिती आहे का?

उत्तर यायच्या आत ते दोघं निघून गेले. पुढच्या रविवारी मी झोपून राहायचं ठरवलं होतं, पण सवयीने जाग आली. क्रौंचही उत्तरेकडे निघाले होते.

एप्रिलमध्ये, ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत, उत्तर आलं. माझ्या फोटोतलं मधलं कडं निळं होतं. तरुण पक्षी, याच भागात जन्मलेला, आभारी आहोत. आणि खाली, तुम्ही विचारलेला पक्षी मागच्याच्या मागच्या शरदात विजेच्या तारांखाली मृत सापडला.

म्हणजे मी कॅमेरा खांद्यावर घेतला त्याच्या कितीतरी आधी. जेवण तसंच ठेवून मी बाहेर पार्किंगमध्ये गेलो आणि नागपूरला फोन लावला. काकूंनी उचलला. माझा आवाज ऐकून काही न विचारता फोन काकांकडे दिला.

मी विचारल्याचंही सांगितलं आणि उत्तरही सांगितलं. पलीकडे पंख्याचा आवाज येत होता.

“कडी होती का पायात?” त्यांनी विचारलं.

“होती. तिन्ही रंग लिहिलेत त्यांनी.”

“पिवळं, हिरवं, लाल?”

“हो, काका.”

“मग तोच,” ते म्हणाले.