चाटण वीट

गाईसाठी गोठ्यात टांगलेली क्षारांची चाटण वीट आज मेंढी चाटताना दिसली. दावं ताणून, मान उंच करून, अगदी मन लावून चाटत होती. मी तिला मागे ओढायला गेले, तर सासूबाई ओट्यावरून म्हणाल्या, "चाटू दे गं. गाईला चालतं, मग हिला काय होतंय?"

मेंढी घेतली तेव्हाच गुरांच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. त्या विटेत तांबं असतं. गाय जास्तीचं तांबं पित्तावाटे टाकून देते, मेंढीला ते फारसं जमत नाही. तिच्या यकृतात ते कणाकणानं साचत राहतं. बाहेरून काही कळत नाही, ती खाते, पिते, पिलाला पाजते. मग एखाद्या दिवशी कुत्रं मागे लागतं, नाहीतर तिला टेम्पोत घालून कुठे न्यावं लागतं, आणि साचलेलं सगळं एकदम रक्तात उतरतं. लोक म्हणतात, कुत्र्याला भिऊन मेली.

वीट काढली तरी आतलं लगेच जात नाही. महिनेच्या महिने लागतात.

या घरातल्या माणसांना गाईचं ते टाकून देणं साधलंय. सकाळी वाट्टेल ते बोलतात आणि दुपारी जेवून शांत झोपतात. मला ते कधी साधलं नाही.

मेंढीला पलीकडच्या खुंट्याला बांधलं आणि तिथेच भिंतीला टेकले. दिवेलागणीला हे दारात आले. "अशी का बसलीस? काय झालं?"

"काही नाही," म्हटलं.

मेंढीही निवांत रवंथ करत होती.