चालू संगणकाची पूजा
बाळांनो, आज खंडेनवमी आहे आणि झेंडूच्या वासाने तुमच्या आजोबांची एक गोष्ट आठवली, म्हणून लगेच लिहायला बसले. संगणकाची जुनी डिस्क भरली तेव्हा परभणीचा दुकानदार म्हणाला होता, "काकू, एसएसडी लय जलद, आत फिरणारं काही न्हाई, पण जागा कमी. हायब्रिडमध्ये जागा भरपूर, पण आत चकती फिरते; चालू असताना धक्का लागू देऊ नका." मी एसएसडीच घ्या म्हणत होते. आजोबा म्हणाले, "मग लेकरांचे कोणते व्हिडिओ पुसू, तूच सांग." हायब्रिड आली, तुमचे सगळे बालपण तिच्यात गेले आणि जुनी डिस्क मोडीत. त्याच खंडेनवमीला, यंत्रांच्या पूजेसाठी, ते संगणक पाटावर ठेवायला निघाले. मी मोबाइलवर पूजा टिपत होते. "अहो, आधी बंद करा!" "थांब की, कुंकू लावताना लेकरं दिसायला पाहिजेत," म्हणत त्यांनी चालू डबा उचलला आणि तो पाटावर आदळला. आत टकटक झाली, पडद्यावर रांगणारे तुम्ही जागीच थांबलात, आणि पुढे त्यातले काहीच परत मिळाले नाही.  आता आजोबाही नाहीत. परवा मी छोटी एसएसडी बसवून घेतली. ती जवळजवळ रिकामीच आहे. मोबाइलवरची ती पूजा तेवढी तिच्यात आहे आणि त्यात त्यांचा आवाज आहे.