छबूबाईची तुरट बाटली

छबूबाईनं मिश्री सोडली तेव्हा गावाला वाटलं, हिला तोंडाचं काहीतरी दुखणं लागलं. ऊसतोडीच्या सगळ्या वर्षांत जी डबी कमरेची सुटली नाही, ती तिनं उकिरड्यावर फेकली होती. कारण कळलं तेव्हा गाव आणखीच चक्रावलं. बाईला वाइनची चव घ्यायची होती.

सुरुवात नाशिककडं झाली. लेक पंकजा तिकडं वाइनच्या कारखान्यात बाटल्या भरायला. तिची पोरं सांभाळायला छबूबाई गेली होती. पाहुण्यांना चव दाखवून उरलेली वाइन कामगारांना मिळायची. पंकजानं एकदा चार कप मांडले.

"घोट तोंडात फिरव आन् थुकून टाक."

"थुकायला तू मला शिकवती का?"

चारही कप छबूबाईला सारखेच लागले. पंकजा हसली. "तुझ्या जिभेवर मिश्रीचा गिलावा हाय, माय. तिला काय कळंल?"

हे झोंबलं. डबी गेली. डोकं ठणकलं, पण छबूबाई हटली नाही. ऊस बुडातून तोडायचा तर कमरेत वाकावं लागतं. उभ्यानं कोयता मारणाऱ्याचं बुडखं रानातच राहतं. चवीचंही तसंच असणार, असं तिनं धरलं.

जीभ मोकळी झाली तसे कप वेगळे झाले. पांढरी चिंचेच्या कोवळ्या पाल्यासारखी आंबट. गुलाबी आली तशी गेली. तिसरी गोड, तिनं तोंड चिकट केलं. चौथी लाल. ती जांभळासारखी जीभ धरून बसली, गिळली तरी सोडेना. छबूबाईनं कप पुन्हा पुढं केला. "ही माझी."

आयुष्यभर पुढ्यात आलं ते तिनं गिळलं होतं. तुला काय आवडतं, हे तिला कोणी विचारलं नव्हतं. तिनं स्वतःलाही नाही.

गावी येताना तिनं एक बाटली आणली. दिवस मावळायला ओट्यावर बसून अर्धं फुलपात्र घ्यायची. ठेच्याबरोबर वाइन जाळ करते, भाजलेल्या शेंगदाण्याबरोबर नीट बसते, हे तिनं करून बघितलं. मुलगा रामहरी चौथ्या दिवशी तोंड पाडून आला.

"माय, गावात काय बोलायलेत, ठाव हाय का?"

"काय?"

"छबूबाई दारू पितीय म्हणून."

"खरं बोलायलेत. पुढं?"

"लाज वाटती मला."

"तुझ्या बापाला नालीतून उचलून आणायचे, तवा गाव मुकं होतं. तू फाट्यावर प्यायला बसतो, तवा बी मुकंच हाय. मी माझ्या ओट्यावर बसलेय, शुद्धीत."

बाटली संपली तेव्हा मात्र रामहरीनं आपणहून दुसरी आणली. "घे. बायांची हाय. गोड."

छबूबाईनं एक घोट घेतला नि फुलपात्र खाली ठेवलं. "ही खोकल्याची हाय. तूच पी."

"वाइन ती वाइन, माय. एवढं काय त्यात?"

"कारखान्याचा ऊस आन् चघळायचा ऊस एकच असतो का? माझी मी आणते."

बाजारच्या दिवशी ती देवगाव फाट्याला गेली. दारूच्या दुकानाच्या जाळीपुढं गड्यांची दाटी होती. एकानं विचारलं, "मावशी, मालकासाठी का?"

"मालक मेला. मला पाहिजे."

दुकानदारानं तीच गोड काढली. "बाया हीच नेतेत."

"नेऊ द्या. मला लाल, तुरट पाहिजे."

"ती कोणी मागत न्हाई इथं."

"मी मागायलेय. मागवा. पुढच्या बाजारी येते."

पुढच्या बाजारी ती आली. बाटली आली होती. दुकानदारानं सवयीनं वर्तमानपत्रात गुंडाळून दिली. छबूबाईनं कागद सोडला, घडी घातली, जाळीतून परत केला.

"कागद ठेवा. चोरीचा माल न्हाई."

बिनकागदाची बाटली हातात धरून ती काळ्या-पिवळ्या जीपकडं चालली. परमिट रूमच्या दारातून रामहरीनं पाहिलं नि धावत आला.

"माय, लोकं बघायलेत. पिशवीत तरी ठेव."

छबूबाईनं भाजीची पिशवी त्याच्या हातात दिली.

"ही वांगी तू धर," ती म्हणाली. "बाटली मी धरते."