परदेशी निघालेल्या गोधड्या

सहा बायका एका गोधडीभोवती बसल्या की सुई थकते, तोंड थकत नाही. त्यामुळं किस्से जमवावे लागत नाहीत, ते आपोआप साठतात. मी चौथीपर्यंतच शिकले, पण तिसगावच्या आमच्या बचत गटाची अध्यक्ष मीच! म्हणून लिहायचं कामही माझ्याच गळ्यात.

गेल्या वर्षी एका संस्थेनं आम्हाला गोधड्यांचं मोठं काम दिलं. लढाईतून पळालेली माणसं परदेशात तंबूत राहतात, त्यांना आपल्या देशाकडून भेट. माल पास झाला तर काम दरवर्षी मिळणार. आमच्या पार्वतीचा जीव त्यातच अडकला होता. दिवाळी झाली की ती नवऱ्यासंगं ऊसतोडीला जायची, पोरीची शाळा बुडायची. हे काम टिकलं तर ती त्या वर्षी घरी राहणार होती. ऊसतोडीचा मुकादम रोज फोन करायचा, ती रोज म्हणायची, "उद्या सांगते."

*

संस्थेच्या मॅडम पहिल्या दिवशी समजवायला आल्या. "निर्वासित म्हणजे ज्यांना घरदार सोडून जावं लागलं ते."

"मंग आमी कोन?" पार्वती म्हणाली. "सा महिने उसाच्या फडात पाचटाच्या कोपीत ऱ्हातो की!"

"तुम्ही स्थलांतरित. तुम्ही परत येता ना!"

"येतो की. पन थंडी काय इचारून वाजती का, बाई तू परत जानार हायेस का म्हनून?"

मॅडमनी पाण्याची बाटली उघडली.

*

मग मॅडम म्हणाल्या, "मदत म्हणजे दोन देशांची दोस्ती असते. आपल्यालाही पूर्वी अशीच मदत मिळालीय."

सखूबाई आमच्यात सगळ्यात म्हातारी. ती एवढी हसली की सुई हातातून पडली.

"भात्तर सालच्या दुष्काळात परदेशातनं धान्य आल्तं. कापडी पोत्यावर दोन हात छापल्याले, एकमेकाला धरल्याले. पोतं रिकामं झालं, म्या धन्याला चड्डी शिवली."

"मग?"

"मंग काय! धनी वाकला की मागनं दोस्ती दिसायची!"

*

प्रत्येक गोधडीला लेबल लावायचं होतं, 'भारताकडून भेट'. तेही वरच्या बाजूला, फोटोत दिसेल असं. माझं डोकं फिरलं. "दान दिलं की गप बसावं, मॅडम. मिरवायचं कशाला?"

मॅडम काही कच्च्या नव्हत्या. "ताई, लग्नातल्या तांब्यावर तुम्ही मामाचं नाव घालता की नाही?"

"घालतो."

"आणि जावेनं तुम्हाला हलकी साडी नेसवली, तर पुढच्या लग्नात तिला कशी नेसवता?"

"तिच्याहून हलकी!"

"याला परराष्ट्र धोरण म्हणतात, ताई."

लेबल वरच्या बाजूला लागलं.

*

निम्मं काम झालं आणि मॅडमचा फोन आला. "थांबा! त्या देशाशी आपलं बिनसलंय. आता गोधड्या दुसऱ्या देशातल्या छावणीत जाणार. पहिली लेबलं उसवा, ती त्यांच्या भाषेत आहेत."

मी विचारलं, "मग त्या पहिल्या तंबूतल्या माणसांचं कोणाशी बिनसलं?"

"त्यांचं कोणाशीच नाही हो."

मी सगळ्यांना सांगितलं. सखूबाई म्हणाली, "म्हंजी भांडायचं जावाजावांनी, आन् ताटावरनं उठवायचं पोरांला!"

*

शेवटी माल तपासायला मोठे साहेब आले. टेम्पो दारात उभा. साहेब एकेक गोधडी दाबून बघत होते. पार्वतीच्या गोधडीत मधोमध कायतरी टणक लागलं. त्यांनी ब्लेडनं शिवण उघडली. आतून भाकरीचा तुकडा निघाला.

"हे काय आहे?"

मीच बोलले, "घास आहे. आमच्याकडं शेवटचा टाका घालायच्या आधी गोधडीचं पोट भरतात. उपाशी गोधडी आम्ही कोणाला देत नाही."

"सगळ्यांत आहे?"

"सगळ्यांत!"

मॅडमनी डोक्याला हात लावला. साहेब म्हणाले, "बाई, परदेशी जाणाऱ्या मालात खायची वस्तू चालत नाही. सगळ्या उसवा, तुकडे काढा. नाहीतर माल नापास."

तेवढ्यात मुकादमाचा फोन वाजायला लागला. पार्वतीनं फोन उचलला नाही. ब्लेडही उचललं नाही. एकही बाई हलली नाही.

मी ब्लेड साहेबांपुढं सरकवलं. "साहेब, घास काढायचा तर तुम्हीच काढा. आमचा हात नाही चालायचा!"

साहेब सतरंजीवर बसले. भाकरीचा तुकडा हातातच. टाकायला जागा शोधली. दारातल्या कोंबड्यांकडं बघितलं. मग आम्हा सहा जणींकडं बघितलं. आणि तुकडा तोंडात टाकला.

वाळलेली भाकरी ती, चावायला वेळ लागला.

पार्वतीनं हळूच विचारलं, "साहेब, चटनी देऊ का?"

"आधी ह्या गोधडीत दुसरा तुकडा घाला," साहेब भरल्या तोंडानं म्हणाले, "टेम्पो खोळंबलाय."