उभ्याने घेतलेलं माप

दवाखान्यात तिला सगळे पाऊलबाई म्हणत. माणूस आत आला की ती आधी त्याच्या पायांकडे बघे, आणि पुष्कळदा तोंडाकडे बघायचं राहूनच जाई. तिच्या खोलीत जमिनीत बसवलेली एक लांब काळी पट्टी होती. तिच्यावरून अनवाणी चाललं की पडद्यावर पावलं उमटत. भार कमी तिथे निळी, जास्त तिथे लाल. पहिली दोन पावलं ती सोडून देई, कारण ती माणूस जपून टाकतो. ढोंगी दर वेळी वेगळा लंगडतो. खरं दुखणं मात्र गुमान त्याच जागी लाल होतं.

हे काम ती हौसेने नव्हे, डूख धरून शिकली होती. तिचे वडील काचेच्या कारखान्यात होते. डाव्या पावलावर खोकं पडलं, तेव्हा तिथल्या साहेबाने त्यांना अशाच यंत्रावर नुसतं उभं केलं. उभ्याने दोन्ही पावलं सारखी दिसली. साहेबाने लिहिलं: दोष नाही, ढोंग आहे. वडील पुढे अकरा वर्षं त्याच पायावर खोकी वाहत राहिले आणि गल्लीत त्यांचं नाव ढोंग्या पडलं. मोठेपणी तिने दाद मागितली, तर नवा लेखी आधार आणा, मग फाईल उघडू, असं सांगून कारखान्याच्या कचेरीने तोंडाला पानं पुसली.

आणि एका सकाळी तोच साहेब, आता निवृत्त, काठी टेकत तिच्या खोलीत आला. खास बूट मिळायला त्याला अहवाल हवा होता. चिठ्ठीवरचं नाव वाचून तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण चेहऱ्यावर तिने काही दिसू दिलं नाही. त्याला पट्टीवर उभं केलं आणि माप घेतलं.

"उभ्याने तर सगळं ठीक दिसतंय," ती म्हणाली. "दोष नाही."

साहेब गयावया करू लागला. उभं राहिलं की काही नाही हो, चालताना जीव जातो.

"सगळे असंच म्हणतात."

हे वाक्य त्याचंच होतं. घरी इतक्यांदा ऐकलेलं, की तिला पाठ होतं. त्याला तसंच हाकलून द्यायचं स्वप्न ती किती वर्षं बघत होती. तो चपला उचलून दाराकडे वळलाही. पण तेवढ्याने तिचं पोट भरणार नव्हतं. तिने त्याला थांबवून कपाटातून अर्ज काढला. चालवून माप घ्यायचं तर रुग्णाने कारण लिहून द्यायचं, असा तिथला नियम. बाकीचे 'दुखते' एवढंच लिहीत. साहेबाकडून तिने सविस्तर लिहून घेतलं.

'उभ्याने घेतलेल्या मापात चालतानाची वेदना दिसत नाही. अशा मापावरून माणसाला खोटा ठरवणे चूक आहे.' खाली सही, आणि सहीखाली सवयीने कारखान्यातला जुना हुद्दा.

मग तिने त्याला चालवलं. पाच पावलं पुरतात. तिने वीस फेऱ्या मारायला लावल्या. साहेबाच्या नाकी नऊ आले. उजवी टाच दर वेळी त्याच जागी लाल होत होती. अहवाल तिने अगदी खरा दिला. पावलांच्या बाबतीत खोटं लिहायला तिचा हात धजला नसता, आणि आता गरजही नव्हती.

साहेब उपकार मानू लागला, तेव्हा ती म्हणाली, "काचेचं खोकं, डावा पाय. माझ्या वडिलांना तुम्ही चालवून पाहिलं नव्हतं."

त्याचा हात आपोआप अर्जाकडे गेला. तिने तो कपाटात ठेवून कुलूप लावलं.

अर्जाची प्रत जोडल्यावर फाईल उघडली. वडिलांना पट्टीवर चालवलं गेलं आणि 'ढोंग' या शब्दावर काट मारलेला कागद घरी आला. तिने तो वाचून दाखवला. वडिलांनी साहेबाचं विचारलं.

"त्याचं खरंच दुखतं का गं?"

"खरंच, बाबा. तुमच्याइतकंच."

वडिलांनी डावा पाय दोन्ही हातांनी उचलून स्टुलावर ठेवला.

"मग बरं झालं," ते म्हणाले.