देवघरातला पंप

आमच्या सासरी औषधं देवघरात ठेवायची रीत. एरंडोलच्या अलीकडचं गाव, घरात पोरंसोरं पुष्कळ. त्यांच्या हाती लागू नये म्हणून सासऱ्यांच्या बीपीच्या गोळ्या, बाम, खोकल्याचं औषध, सगळं देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर. माझा दम्याचा पंपही तिथंच. दमा मला माहेरपासूनचा. धुळ्याहून लपवून आणला नव्हता, बघायला आले तेव्हाच सांगितलं होतं.

आता गंमत ऐका. पाळी आली की बाईने देवघराचा उंबरा शिवायचा नाही. चार दिवस मागच्या खोलीत बसायचं. त्या खोलीत काय, तर भाव चढेल म्हणून थांबवलेला कापूस, पार छतापर्यंत. आणि माझा दमा उसळायचा तो नेमका त्याच दिवसांत. आदल्या दिवसापासूनच छाती आवळायला लागायची. पंप हवा तर हाक मारायची. हाक मारायलाही श्वास लागतो, हे त्या घरात कुणाच्या डोक्यात आलं नाही.

मग मी तांब्या फरशीवर आपटायचे. कुणीतरी हातातलं काम उरकून यायचं, वरूनच पंप माझ्या ओंजळीत टाकायचं. ओढून झाला की तो मी जमिनीवर ठेवायचा. सासू त्यावर गोमूत्र शिंपडून पुन्हा फळीवर नेणार. पुढच्या वेळी तोंडाला लावला की तोच वास. असा संताप यायचा की काय सांगू. दुसरा पंप आणा म्हटलं तर हे म्हणायचे, एक आहे ना चांगला. कापसाच्या खोलीतून सुटका हवी म्हणून मी सोंग करते, असं सासूचं ठाम मत. "दर महिनाले त्याच दिनमा कसा काय दम लागस तुले?" ती सगळ्यांदेखत विचारायची.

उत्तर मिळालं जळगावात. एकदा ओठ निळे पडले तेव्हा कुठे नेलं मला. छातीच्या डॉक्टरांनी पहिल्यांदा पाळीचं विचारलं, तर आमचे हे खिडकीबाहेर बघायला लागले. डॉक्टरांनी समजावलं : पाळीच्या तोंडावर बाईच्या अंगातली हार्मोन्स एकदम खाली येतात, काहीजणींच्या श्वासनळ्या तेव्हा जास्तच आवळतात. सोंग नाही हे. पंप अंगावर हवा आणि कापसाच्या धुळीत बसायचं नाही. मला तिथंच रडू फुटलं. येताना बसमध्ये हे काय म्हणाले? आईला यातलं काही सांगू नको, तिला वाईट वाटेल. माझा जीव गेला तरी चालेल, तिला वाईट वाटायला नको!

पुढच्याच महिन्यात शेजारी हळद होती. डीजे चालू. मी तांब्या आपटतेय, ऐकतो कोण? सरपटत निघाले, उंबरा ओलांडला, फळीवरचा पंप घेतला आणि देव्हाऱ्याला पाठ टेकून ओढत बसले. सासू परतली तेव्हा मी तिथंच होते. बरं वाटतंय का, एवढंही तिने विचारलं नाही. सगळे देव परातीत काढून धुतले, आणि कितीतरी दिवस माझ्या हातचं पाणी प्यायली नाही. न पिऊ दे. त्या दिवसापासून पंप माझ्या कमरेच्या पिशवीत, पाळी असो नसो. मागच्या खोलीतही पुन्हा बसले नाही. बोलणी पोटभर खाल्ली.

दोन वर्षांपूर्वी पाळी गेली. वाटलं, सुटले. डॉक्टरांनी मशीनमध्ये फुंकायला लावलं आणि मान हलवली. म्हणाले, पाळी गेल्यावर काही बायकांची फुप्फुसं उलट लवकर खचतात. त्यातून तुम्ही इतकी वर्षं अंगावर काढलंत, नळ्या अरुंद झाल्या त्या झाल्याच. अंगावर काढलंत म्हणे! मी काढलं?

घरी आले तर सासूने बोलावून घेतलं. तिचे गुडघे गेलेत, पण छाती ठणठणीत. खुशीत होती. म्हणाली, "आते तुले बठ्ठं चालस. देवपूजा तूच करत जाय." सगळं चालतं म्हणे, विटाळ संपला ना!

तर आता रोज सकाळी देवघरात मीच असते. निरांजन लावते, घंटा हलवते, आरतीची पहिली ओळ म्हणते आणि दुसरीत दम तुटतो. उरलेली सगळी आरती सासू बाहेर खाटेवर बसून म्हणते, खणखणीत आवाजात.