करडीची बोडी आणि माझा पितळी डबा

थंडीत भंडाऱ्याकडे जावं का, असं दोन-तीन वाचकांनी विचारलं होतं. जावं. मी मात्र तलावांची शोभा बघायला गेले नव्हते. आजारी मासे बघायला गेले होते. सुलोचनाचा फोन आला होता. "मॅडम, मोठ्या तलावातल्या माशायले जखमा होऊन राहिल्या. आमची बोडी बाजूलेच हाय. येऊन पाहता का जी?"

सुलोचना आमच्या दवाखान्याच्या प्रयोगशाळेत मदतनीस होती आणि मी तिथेच नमुने तपासत म्हातारी झाले. निवृत्तीनंतर मी नागपुरात कुंड्यांवर चिडत बसले. ती करडीजवळच्या आपल्या गावी परतली आणि तिच्या महिला गटाने बोडी, म्हणजे लहान तलाव, मासळीसाठी ठेक्याने घेतली. पावसाळ्यात रोहू-कतल्याचं बीज सोडलं होतं. बायांचा पहिलाच हंगाम.

नागपूरहून भंडाऱ्याला एसटी सहज मिळते. पंचाहत्तरी उलटलेल्यांना तिकीट लागत नाही, पण आधार कार्ड हाताशी ठेवा. "माझं वय दिसत नाही का?" असं मी वाहकाला विचारलं. "दिसते नं आजी, पन नियमाले दिसत नाही." त्याच्यावर चिडताही आलं नाही. करडीकडच्या बसला तासभर वेळ होता म्हणून भांड्यांच्या बाजारात शिरले आणि कडीचा पितळी डबा घेतला. भांडं वजनावर मिळतं. घासाघीस करायची तर घडणावळीवर करा.

मुक्काम सुलोचनाकडे. रात्री जेवायला लाखोळीच्या डाळीचे वडे आणि भात. गावात लॉज नाही, आणि थंडी नागपूरपेक्षा जास्त बोचते, शाल न्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोठ्या तलावावर गेलो. काठाशी मरळ आडवी तरंगत होती. तिच्या कुशीवर रुपयाएवढी लाल जखम, आत मांस दिसत होतं. मरळ कुणी सोडत नाही, ती तलावातली आपली आपण वाढणारी. तिच्या पाठोपाठ आता बीज सोडून वाढवलेल्या रोहूंवरही चट्टे दिसत होते. अशा जखमा करणारी बुरशी पाणी गार झालं की जोर धरते. शिजवून खाणाऱ्या माणसाला तिचं काही होत नाही, तलाव मात्र रिकामा होतो. मोठ्या तलावाचं पाणी बोडीत उतरत नाही, हे मी बांधावरून चालत जाऊन पाहिलं. म्हणजे रोग न्यायला दोनच वाहनं उरली, बगळे आणि जाळं.

जाळ्याची इथली पद्धत अशी. महाजाळ एकच, शेजारच्या मच्छीमार संस्थेचं. ते पाळीपाळीने सगळ्या तलावांवर फिरतं. एका तलावातून ओढलं की ओलंच बैलगाडीत टाकून पुढच्या तलावावर. बोडीची पाळी उद्यावर आली होती, आणि त्याआधी जाळं या आजारी तलावात पडणार होतं.

भंडाऱ्याच्या मत्स्य कार्यालयात दाखवायला मी चट्टे आलेला एक जिवंत रोहू तलावाच्या पाण्यासकट पितळी डब्यात घेतला. बसथांब्याकडे जाताना बोडी लागते. मासा धापा टाकत होता, म्हणून पायरीवर उतरून डब्यातलं पाणी बदललं. सुलोचना काठावर उभी होती. काही बोलणार होती, मग पदर सावरून गप्प राहिली.

कार्यालयात साहेब नव्हते. बाबूंनी डब्यात डोकावून विचारलं, "संस्थेचं पत्र आनलं का?"

"मासा आणलाय. त्याच्या अंगावर लिहिलेलं आहे सगळं."

"मासा कसा घेऊ मॅडम? फायलीत पत्र लागते."

मासा तिथेच मेला. कॉन्व्हेंटात सिस्टरांनी मला शिव्या सोडून इंग्रजीतलं सगळं शिकवलं. ती उणीव त्या दिवशी जाणवली.

तिसऱ्या दिवशी जाळं आलं. बैलगाडीतून पाणी ठिबकत होतं. सोबत संस्थेचे मोतीरामभाऊ. मी गाडीसमोर उभी राहिले. जाळं दोन दिवस कडक उन्हात वाळवल्याशिवाय बोडीत उतरणार नाही, असं सांगितलं.

"जाळं का लुगडं होय, वाळवाले? आमच्या बापजाद्यानं कधी नाही वाळवलं."

"म्हणूनच तिकडे मरळ उताणी तरंगतेय."

"पाहा बाई, पाळी गेली तं महिनाभर नाही येत. मंग मले काहून नाही आला म्हनसान नोको."

सुलोचनाने एकदा माझ्याकडे पाहिलं, मग मासळी काढायला जमलेल्या गटातल्या बायांकडे. गटाची बैठक तिथेच बांधावर झाली. "मॅडम म्हनतेत तं नाही टाकत," ती म्हणाली. गाडी वळली. मोतीरामभाऊ जाता जाता म्हणाले, "नागपूरच्या बाईनं मासे वाचवले. आता पानीच विका."

संध्याकाळी मी नागपुरात घरी होते, आणि खरं सांगायचं तर स्वतःवर खूश होते.

तीन आठवड्यांनी सुलोचनाचा फोन आला. "मॅडम, आपल्या बोडीतबी लाल चट्टे दिसून राहिले."

"जाळं टाकलं का?"

"नाही जी. तुमी गेल्यापासून पान्यात काहीच नाही टाकलं. पायरीजवळच्या माशायले पयले झालं."

पायरीजवळ. ओट्यावर तो डबा होता, घासून लखलखीत. आजारी तलावाचं डबाभर पाणी मीच त्या पायरीवर ओतलं होतं. बगळा असेल, असं म्हणता आलं असतं. पण नमुन्याची बाटली भलत्या बेसिनमध्ये रिकामी केली म्हणून याच सुलोचनाला मी कितीदा फैलावर घेतलं होतं.

"तू तेव्हाच बोलली का नाहीस?"

"पाहुनीले कसं बोलू जी? अन् मले वाटलं, मॅडम करून राहिल्या म्हनजे बराबरच असन."

मेलेले मासे खोल पुरा, पाण्यात चुना टाका, हे सांगितलं. धडधाकट मासे लवकर बाहेर काढायला हवे होते, आणि त्याला जाळंच लागणार होतं. तिच्याकडून मोतीरामभाऊंचा नंबर घेतला.

"जाळं लवकर आणता येईल का? बोडीत रोग आलाय."

"आँ? जाळं तं तुमी वापस केलं. मंग रोग आनला कोनं?"

"मी. डब्यातून." मग म्हटलं, "येण्याआधी जाळं वाळवा, आणि बोडीतून निघाल्यावर पुन्हा वाळवा. नाहीतर रोग इथून पुढच्या तलावात जाईल."



"उद्यापासून जाळ्याले दोन दिस ऊन खाऊ देतो," ते म्हणाले. "मंग येतो."